राखीव आवाज

रणजित इंगवले आमच्या केंद्रात आला, त्या दिवशी मी ठरवलं की याला मारायचं. त्याआधी चार वर्षं मी त्याचं फक्त वाईट चिंतत होतो. ते वेगळं असतं.

तो खुर्चीत बसला. केस कमी झाले होते, बाकी माणूस तोच. शेजारी त्याची बायको. त्यानं माझ्या खिशावरची नावाची पट्टी वाचली आणि गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "आनंदा लोहार. आमच्याकडं मोल्डिंगला एक लोहार होता."

"असेल," मी म्हणालो.

त्याला ऐकू आलं नाही. बायकोनं फोन पुढं धरला, त्यावर माझा शब्द उमटला. वाचून त्यानं मान हलवली. नव्यानं बहिरा झालेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडं एकटक बघतो. त्यानं माझ्या तोंडाकडं दोन तास बघितलं आणि मला ओळखलं नाही. चौकशीच्या वेळी मी त्याच्यासमोर तीन वेळा बसलो होतो.

"ताप आला होता," त्याची बायको सांगत होती. "आठ दिवसांत दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, कानात यंत्र बसवून उपयोग नाही. आता पट्टा हाच मार्ग. ह्यांची नोकरी राहील ना हो?"

"राहील," मी म्हणालो. "ते बघायलाच आम्ही आहोत."

हे खरंच होतं. कोल्हापूरच्या या केंद्रात माझं काम तेच. ज्याला ऐकू येत नाही त्याला पट्टा बसवून द्यायचा, जुळवून द्यायचा, काम शोधून द्यायचं, आणि पहिले नव्वद दिवस अधूनमधून सोबती म्हणून त्याच्याबरोबर कामावर जायचं. तिथल्या माणसांना शिकवायचं की याच्याशी कसं वागायचं. मी एक्केचाळीस जणांना कामाला लावलं होतं. एक मुलगा बेकरीत, एक बाई बँकेच्या खिडकीवर, दोघी शिवणकामाच्या कारखान्यात. एकाचीही नोकरी गेली नव्हती.

इंगवले बेचाळिसावा.

पट्टा कसा चालतो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. कातडीला एवढं जमत नाही. अडीचशेच्या आसपास ती सगळ्यात तल्लख असते आणि हजाराच्या पुढं तिला जवळजवळ काही कळत नाही. म्हणून पट्टा आवाज पकडतो, त्याचे बत्तीस भाग करतो, प्रत्येक भाग कातडीला झेपेल एवढा खाली उतरवतो आणि कमरेभोवतीच्या बत्तीस बटणांवर वाटून देतो. जाड आवाज पाठीच्या कण्याशी, बारीक आवाज बेंबीशी. पहिले आठ दिवस नुसत्या गुदगुल्या होतात. महिन्याभरात कुकरची शिट्टी आणि दाराची बेल वेगळी कळते. चार महिन्यांत मेंदू हे आपोआप वाचायला लागतो. मग माणसाला विचारलं की कुठं कळलं, तर तो पोटाला हात लावत नाही. नुसतं कळलं म्हणतो.

हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. वनितानं.

आम्ही दोघं शिरोलीच्या वज्रेश कास्टिंगमध्ये होतो. मी मोल्डिंगला, बावीस वर्षं. ती कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, बनवायला. ती तीन वर्षांची असताना तिचं ऐकणं गेलं होतं. शाळेत हाताच्या खुणा शिकली, मला तिनं शिकवल्या. माझे हात साचे भरून जाड झालेले. माझ्या खुणा बघून ती म्हणायची, तू तोतरं बोलतोस.

फौंड्रीत बहिऱ्या माणसाला मागून हाक मारता येत नाही, आणि खांद्यावर हात ठेवला तर तो दचकतो. भट्टीजवळ दचकून चालत नाही. म्हणून आमच्याकडं एक पद्धत होती. जमिनीवर लोखंडी पत्रे होते. त्यावर दोनदा पाय आपटायचा. एकदा म्हणजे काही नाही, काहीतरी पडलं असेल. दोनदा म्हणजे मागं बघ. वनिताच्या आधी एक म्हातारा कामगार बहिरा होता, त्याच्यापासून हे चालत आलेलं. नवीन पोरगा कामाला आला की त्याला हेल्मेट द्यायच्या आधी हे शिकवायचे. घरीसुद्धा मी दारात दोनदा पाय आपटायचो. फरशीवर तेवढं कळत नसे, तरी ती बरोबर मागं बघायची.

मग सरकारनं पट्टे दिले आणि वनिताला वेगळं काम मिळालं. ओतलेला जॉब गार झाला की हातोडीनं ठोकून बघतात. चांगला असला तर टण्ण वाजतो आणि बराच वेळ वाजत राहतो. आत तडा असला तर आवाज बसतो, लवकर मरतो. फौंड्रीच्या गोंगाटात चांगल्या कानाच्या माणसाचीसुद्धा यात चूक होते. यंत्रं आहेत, पण आमच्याकडं शंभर तऱ्हेचे जॉब. प्रत्येकासाठी यंत्राला नवं शिकवावं लागे. वनिताला तीन जॉब पुरायचे. तडा तिला हातोडीच्या दांड्यात आणि कमरेला, दोन्हीकडं लागायचा. परवीन मुल्ला आणि आणखी दोघी बहिऱ्या बायका तिच्या हाताखाली शिकल्या. चेकिंगच्या कट्ट्यावर चौघींचं राज्य होतं. एकदा मोठ्या गाडीच्या कंपनीचा माणूस आला, त्यानं यंत्रानं पास केलेला एक जॉब मुद्दाम तिच्यासमोर ठेवला. तिनं ठोकला आणि बाजूला ढकलला. त्यानं कापून बघितला. आत केसाएवढा तडा होता.

मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं, "आता माझ्या बायकोमागं जनावर हाकल्यागत पाय आपटायचे न्हाईत. तिला ऐकू येतंय. नाव घेऊन हाक मारायची. वनितावैनी म्हणायचं."

क्रेन चालवणारा सदाशिव म्हणाला, "आणि चुकून नुसतं वनिता म्हटलं तर?"

"तर मुस्काट फोडीन."

सगळे हसले आणि ऐकलंही. पाय आपटणं बंद झालं. संध्याकाळी वनितानं मला खुणेनं विचारलं, कशाला बंद केलंस? पाय चांगला होता. पाय चार्ज करावा लागत नाही.

मी म्हणालो, तुला मान नको का?

ती म्हणाली, मान पट्ट्यात असतो होय?

मी विषय सोडला.

इंगवले तेव्हा प्रॉडक्शन बघायचा. पट्ट्याला एक गाळणी असते. फौंड्रीतला सगळा आवाज अंगावर घेतला तर माणूस तासाभरात थकतो, म्हणून नको ते आवाज गाळता येतात. पण तीन आवाज गाळायचे नाहीत, कुलूप लावलेलं असतं: क्रेनचा हूटर, आगीचा भोंगा आणि माणसाची ओरड. त्यांना राखीव आवाज म्हणतात. क्रेन एका पाळीत दोनशे वेळा हूटर द्यायची. प्रत्येक वेळी वनिता मान वर करून बघायची. त्यानं तिचा हात थांबायचा. इंगवलेला ते खटकलं. पट्टे कंपनीच्या सिस्टिमला जोडलेले होते. नियम असा होता की घालणाऱ्याला समोर बसवून सांगायचं, त्याचा अंगठा घ्यायचा, मग अधिकाऱ्यानं आपला लावायचा. पट्ट्याचं कुलूप मात्र दोघांतल्या कुणाही एकाच्या अंगठ्यानं उघडायचं. इंगवलेनं केबिनमध्ये बसून आपला अंगठा लावला. वनिताचं कुलूप उघडलं, हूटर गाळला. तिचा हात भराभर चालायला लागला. तिला वाटलं, आपला सराव वाढला. घरी येऊन तिनं मला ते कौतुकानं सांगितलं.

दोन महिन्यांनी, अकरा मार्चला, सकाळी सदाशिव क्रेननं पंपाचं मोठं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, घेऊन कट्ट्यावरून चालला होता. हूटर चालू होता. वनिता पाठमोरी होती. सगळ्यांना वाटलं, हलेल आता. वैनीला ऐकू येतंय. सदाशिवलाही तेच वाटलं. कुणीही पाय आपटला नाही.

मी मोल्डिंगला होतो. मला बोलवायला आले तेव्हा सगळं झालं होतं.

तिच्या कमरेचा पट्टा चेंगरला होता, पण त्याची डबी, ज्यात सगळी नोंद राहते, ती परवीननं काढून वनिताच्या जेवणाच्या डब्यात घातली आणि डबा माझ्या हातात दिला. मी ती डबी चौकशीत दिली तेव्हा अधिकारी म्हणाला, तुम्ही परवानाधारक नाही, तुम्ही यात काय केलं असेल कुणास ठाऊक. तरी त्यांनी वाचली आणि मला परत दिली. कुलूप उघडं होतं, अंगठा इंगवलेचा होता. त्यावर इंगवलेनं जबाब दिला. तो मला पाठ आहे: 'हूटर गाळला गेल्यास तो येत नसल्याचे घालणाऱ्यास आपोआप समजते. मयत कामगाराने दोन महिन्यांत एकदाही तक्रार केली नाही, यावरून त्यास तिची संमती होती असे दिसते.'

शेवटी अहवालात लिहिलं, मयत कामगाराचा हलगर्जीपणा. परवीन आणि दोघींना सुरक्षेच्या कारणावरून घरी बसवलं. शिरोलीतल्या बाकीच्या कारखान्यांनीही तोच अहवाल दाखवून बहिऱ्यांना दारातून परतवून लावलं. मी नोकरी सोडली. बावन्नाव्या वर्षी पोरांच्यात बसून पट्टा-जोडारीचा कोर्स केला. सुरुवातीला परवान्यासाठीच केला. मला ती डबी वाचायची होती.

आणि आता इंगवले वज्रेशचा प्लांट हेड होता, बहिरा होता, आणि माझ्या खुर्चीत बसला होता. बहिरं झालं म्हणून माणसाला काढता येत नाही असा कायदा आहे. सहा महिने जागा राखून ठेवायची, तोवर त्यानं शेडमध्ये न जाता केबिनमधून काम करायचं, मग कारखाना निरीक्षकासमोर त्यानं कामावर फिरून दाखवायचं. जमलं तर जागा त्याची. वनितासारख्या माणसांनी भांडून मिळवलेला कायदा त्याच्या कामाला आला होता.

त्यानं मेहनत केली, हे मान्य करतो. आठवड्यातून तीन दिवस यायचा. मी पडद्यामागून भांडी वाजवायचो, नाणं टाकायचो, कागद फाडायचो. तो डोळे मिटून ओळखायचा. तिसऱ्या महिन्यात त्यानं सांगितलं की मुलगी हसलेली कळली, आणि तो रडला. मला दया आली नाही. वनितानं पहिल्यांदा माझा खोकला ओळखला तेव्हा तीही अशीच रडली होती.

साडेतीन महिने झाले तेव्हा तो म्हणाला, "लोहार, एक अडचण आहे. माझी केबिन शेडला लागून आहे. तो हूटर दिवसभर कमरेत गुरगुरतो. मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही. तेवढा काढून टाका."

 मला वाटलं होतं की हे मला चोरून करावं लागेल.

"राखीव आवाज आहे, साहेब," मी ओठ नीट हलवत म्हणालो. "तुमचा अंगठा लागेल."

"लावतो की. आणा इकडं."

इथं मी काय करायला पाहिजे होतं ते सांगतो. हूटर फक्त केबिनपुरता गाळता येतो. शेडमध्ये पाऊल टाकलं की आपोआप चालू होतो. तशी खूण करायची असते. आणि घालणाऱ्याला सांगायचं असतं की, साहेब, गाळलेला आवाज गाळला आहे हे तुम्हाला कळणार नाही. शांततेची काही खूण नसते. जे आलंच नाही, ते आलं नाही हे कसं कळणार?

मी खूण केली नाही आणि काही सांगितलं नाही. त्यानं मोबाइल बघत बघत अंगठा लावला.

"वा," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "आता कसं स्वच्छ वाटतंय."

तपासणीच्या आदल्या आठवड्यात मी सदाशिवला गाठलं. तो अजून वज्रेशलाच होता. कंपनीच्या बाहेरच्या टपरीवर चहा घेत होता. कप दोन्ही हातांनी धरला होता. 

"तपासणीला सगळे कट्ट्यापाशी उभे राहणार," मी म्हणालो. "तू त्या वेळी लोड नेशील?"

"नेईन की. रोज नेतो. का रं?"

मी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"आनंदा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"तू काही वेगळं करायचं न्हाई."

"वैनी असती तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

"असती तर मी इथं कशाला आलो असतो?"

त्यानं टपरीवाल्याला पैसे दिले. मग म्हणाला, "मी रोजच्यासारखं लोड नेणार. हूटर वाजवणार. दुसरं काय करणार न्हाई. तुझ्यासाठी न्हाई, कुणासाठीच न्हाई."

"मला तेवढंच पाहिजे."

"त्या दिवशीपण मी तेवढंच केलं हुतं," तो म्हणाला आणि चहा तसाच टाकून गेला.

तपासणीचा दिवस उजाडला. निरीक्षक म्हणून कुंभारमॅडम आल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. दोन डायरेक्टर होते. मी सोबती म्हणून तीन पावलं मागं. खांद्याच्या पिशवीत वनिताची डबी होती. ती मी रोजच जवळ ठेवतो. इंगवलेनं सगळं बरोबर केलं. भट्टीपाशी प्रश्नांची उत्तरं दिली, मागून कुणी नाव घेतलं तर वळला. डायरेक्टर एकमेकांकडं बघून मान डोलावत होते.

आम्ही कट्ट्यापाशी आलो. आता तिथं एक यंत्र होतं आणि एक मुलगा त्यात जॉब सरकवत होता. इंगवले कट्ट्याला पाठ लावून, सगळ्यांकडं तोंड करून बोलायला लागला. उभा राहिला ती जागा मला माहीत होती.

हूटर वाजला.

सदाशिव समोरून येत नव्हता. इंगवलेच्या पाठीमागून, पलीकडच्या रांगेतून लोड येत होतं. पंपाचंच हाऊसिंग होतं. कुंभारमॅडम बाजूला सरकल्या. डायरेक्टर सरकले. इंगवले बोलत राहिला. त्याला वाटलं, सगळे यंत्र बघायला सरकले. हूटर वाजतच होता. एक डायरेक्टर ओरडला, "इंगवले, मागं!" ती ओरडही राखीवच; पण कुलूप उघडलं की गाळणी हूटरच्या वेळची ओरडसुद्धा त्याच गोंगाटात धरते.

मी बघत होतो. चार वर्षं मी हे मनात बघितलं होतं. पण मनात तो नेहमी पाठमोरा असायचा. आता त्याचं तोंड माझ्याकडं होतं. तो डिलिव्हरीच्या तारखांविषयी काहीतरी सांगत होता.

माझा पाय उचलला गेला. मी उचलला असं म्हणणार नाही. दोनदा आपटला, पत्र्यावर, जीव खाऊन. शेडमधली जुनी माणसं, मोल्डिंगची, भट्टीवरची, सगळी एकदम वळून बघायला लागली.

इंगवले वळला नाही. त्यानं खाली पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. कसा वळेल? त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं.

सदाशिवनं लाल बटण दाबलं. लोड थांबलं, पण झोका घेऊन पुढं आलं. इंगवलेचं हेल्मेट उडालं, खांद्याला मार बसला आणि तो गुडघ्यावर पडला. दोघांनी त्याला ओढून बाजूला घेतलं.

त्यानं वर बघितलं. लोड अजून हलत होतं.

"हूटर कळला नाही?" कुंभारमॅडमनी त्याच्या समोर जाऊन विचारलं.

"कुठला हूटर?"

त्यांनी तिथंच पट्टा उतरवून टॅबला जोडला. राखीव: उघडा. केबिनची खूण: नाही. इंगवलेनं ते वाचलं. 

"लोहार! हे तुम्ही उघडं ठेवलं?"

"होय."

"आणि हूटर शेडमध्येही येणार नाही, हे मला सांगितलं नाही?"

"सांगायला पाहिजे होतं का?" मी विचारलं. त्यानं माझे ओठ बरोबर वाचले.

त्यानं कागद मागितला. कुणाला सांगायला थांबला नाही, खांदा धरून, कट्ट्यावर कागद ठेवून स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली. सही केली, तारीख घातली, कुंभारमॅडमना दिली. त्यांनी माझ्यापुढं धरली. नियम आहे तसा, आरोपीला वाचायला द्यावी लागते. त्यात होतं: 'गाळलेला आवाज येत नसल्याचे घालणाऱ्यास कोणत्याही प्रकारे समजू शकत नाही. घालणाऱ्यास न सांगता राखीव आवाजाचे कुलूप उघडे ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा नसून जीव घेण्याचा प्रकार आहे आणि तसे करणाऱ्यास त्याबद्दल शिक्षा झाली पाहिजे.'

मी ते तीनदा वाचलं. चार वर्षांत मला कुणी इतकं बरोबर लिहून दिलं नव्हतं.

"मान्य आहे," मी म्हणालो. "सगळं मान्य आहे, मॅडम. सही कुठं करू?"

सही केली. मग पिशवीतून वनिताची डबी काढली, जुन्या अहवालातलं इंगवलेच्या जबाबाचं पान काढलं आणि त्याच्या तक्रारीच्या शेजारी ठेवलं. या खेपेला परवाना माझ्याकडं होता, निदान त्या क्षणापर्यंत. कुंभारमॅडमनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. डबी टॅबला जोडली. मग त्यांनी दोन्ही पानं डायरेक्टरांसमोर मोठ्यानं वाचली.

इंगवलेच्या कमरेला पट्टा नव्हता. तो खुर्चीत खांदा धरून बसला होता आणि एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता.

"काय झालं?" तो विचारत होता. "काय वाचताय? मला सांगाल का कुणी?"

कुणी सांगितलं नाही. मीही नाही. तेवढा वेळ मी चवीनं चाखला.

पुढं तीन महिने सुनावणी चालली. माझा परवाना गेला, खटला उभा राहिला. तो अजून आहे आणि मी त्यात काही नाकारलेलं नाही. सदाशिवला काही झालं नाही, त्यानं रोजचंच काम केलं होतं. इंगवलेला कंपनीनं काढलं, बहिरा म्हणून नव्हे. वनिताचं प्रकरण त्याच्यावर उघडलं. त्यानं वकील लावून आपली तक्रार मागं घ्यायचा प्रयत्न केला. मॅडम म्हणाल्या, तुमच्याच हातचं अक्षर आहे. अहवालातून हलगर्जीपणा हा शब्द काढला. दुरुस्त अहवालाची प्रत मी घरी आणली आणि वनिताच्या कपाटात, तिच्या साड्यांच्या वर ठेवली.

परवीन आणि दोघींना परत बोलावलं. परवीननं जायच्या आधी अट घातली. पट्टा घालू, पण त्यावर विसंबणार नाही. कंपनीतल्या प्रत्येकानं, डायरेक्टरसुद्धा, पाय आपटायला शिकायचं. ही पद्धत बंद का पडली, हे तिनं मला कधी विचारलं नाही. तिला माहीत आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तिथंच होती. अहवालात मात्र त्यासाठी रकाना नाही. कुंभारमॅडमनी शेवटी विचारलं होतं, आणखी काही सांगायचं आहे का? मी नाही म्हणालो.

शेवटच्या सुनावणीनंतर मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. इंगवले बाकावर बसला होता. बायको गाडी आणायला गेली होती. पट्टा पुराव्यात जमा, त्यामुळं तो साधा बहिरा होता. तो उठून माझ्याकडं आला. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयार होतो.

"त्या दिवशी तुम्ही पाय आपटला होता," तो म्हणाला. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं तो कमी-जास्त होत होता. "मला तळपायात कळलं होतं. दोनदा. मी खूप विचार केला. ते काय होतं?"

चौकशीत, सुनावणीत, घरी, केंद्रात, हे मला एकाही माणसानं विचारलं नव्हतं. विचारलं ते यानं.

तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला. ओठ वाचायला त्याला मीच शिकवलं होतं.

मी खिडकीकडं वळलो. आता त्याला माझी पाठ दिसत होती. मग मी त्याला सगळं सांगितलं. दोनदा म्हणजे मागं बघ. ही आमची जुनी पद्धत होती. ती चालू असती तर तुम्ही अंगठा लावूनही माझी बायको वाचली असती. ती मी बंद करवली, सगळ्यांना हसत हसत सांगून, आणि ती नको म्हणत होती. केंद्रात शिकवताना बोलतो तसं सावकाश बोललो, प्रत्येक शब्द सुटा करून. एकही गाळला नाही.

"काय?" मागून त्याचा आवाज येत होता. "काय म्हणालात? लोहार, इकडं बघा. काय म्हणालात?"